पाचापैकी दोन

११ जानेवारी

ही म्हणाली, "माझ्यावर ओरडायचं ते कागदावर ओरडा. कागदाला कान नसतात." म्हणून ही वही.

माझं काम लिफ्ट दुरुस्तीचं. होतं. गेल्या वर्षी एका इमारतीत लिफ्टच्या बोगद्यात उतरताना शिडी सरकली आणि मी तळाच्या खड्ड्यात पाठीवर आपटलो. मणका मोडला, आतला मज्जारज्जू चेमटला. तुटला नाही, चेमटला. डॉक्टर हा फरक अशा थाटात सांगतात की जणू मला बक्षीसच लागलंय. कमरेखाली थोडं कळतं, थोडं हलतं, बाकी सगळा अंधार. हात शाबूत, डोकं शाबूत, आणि जीभ गरजेपेक्षा जास्त शाबूत, असं ही म्हणते.

आज इस्पितळात नव्या चाचणीसाठी गेलो. पाठीवर मणक्याच्या रेषेत चिकटपट्ट्या लावायच्या, दोन पुढे कमरेच्या हाडांवर, आणि कातडीतून करंट सोडायचा. कापाकापी नाही, सुई नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, "मेंदूचा निरोप खाली पोचतो, पण इतक्या बारीक आवाजात की स्नायूंना ऐकू येत नाही. आम्ही करंट देऊन मज्जारज्जू जागा ठेवणार. मग तोच निरोप खाली ऐकू जाईल आणि पायात जोर येईल, असा अंदाज आहे. व्यायाम मात्र तुमचा तुम्हालाच करायचा."

"अंदाज?" मी विचारलं.

"खात्री असती तर चाचणी कशाला केली असती?"

माणूस निदान खोटं बोलत नाही. पण पुढचं ऐकून डोकं फिरलं. पहिले दोन महिने निम्म्या लोकांना खरा करंट देणार आणि निम्म्यांना नुसता देखावा. पट्ट्या त्याच, डबा तोच, आत काही नाही. कुणाला काय मिळतंय ते आम्हालाही कळणार नाही आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनाही नाही. दोन महिन्यांनंतर सगळ्यांना खरा.

त्या बाईंनी माझे पाय तपासले. प्रत्येक वेळी "पुन्हा" म्हणतात. गुडघा सरळ करा. पुन्हा. अजून एकदा पुन्हा. मी मनातल्या मनात त्यांचं नाव पुन्हाबाई ठेवून टाकलं. त्यांनी निकाल दिला: उजवा पाय पाचापैकी दोन, डाव्याला दोनही जेमतेम. दोन म्हणजे कुशीवर झोपवलं तर गुडघा घसरत सरळ होतो, पण स्वतःचं वजन उचलून वर येत नाही.

हिला बाहेर येऊन सांगितलं तर म्हणाली, "शाळेतही तुमचे मार्क असेच असतील."

१३ जानेवारी

पहिला दिवस. आयुष्यभर लोकांना करंटपासून लांब ठेवलं, आणि आज स्वतः उघडी पाठ करून म्हटलं, लावा.

झटका बसेल म्हणून दात आवळून बसलो. झटका नाहीच. आधी मुंग्या, मग पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं, आणि मग तेही विरलं. पुन्हाबाई म्हणाल्या, "आता डावा गुडघा." गुडघा जिथे होता तिथेच.

घाम मात्र खराखुरा आला.

घरी येईपर्यंत अंगात त्राण नव्हतं. हिने मला नेहमीसारखं उचललं. आमची पद्धत ठरलेली आहे: ती समोर उभी राहते, मी तिच्या गळ्यात हात घालतो, ती माझ्या कमरेच्या पट्ट्याला धरते, एक-दोन-तीन म्हणते, उचलते, वळते आणि पलंगावर ठेवते. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासला, तिथून परत. ती माझ्या खांद्याएवढी. लग्नात फोटोवाल्याने तिला पाटावर उभं केलं होतं.

२२ जानेवारी

मला खात्री पटत चालली आहे की माझा डबा देखाव्याचा आहे. करंट म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. करंट असेल तर काहीतरी हलतं, तापतं, निदान गुणगुणतं. इथे सगळं शांत.

आज खिशात माझा जुना टेस्टर घालून गेलो. पुन्हाबाईंची पाठ वळल्यावर पुढच्या, कमरेवरच्या पट्टीला लावून बघितला. दिवा लागला नाही. झालं! मी म्हटलं, "बाई, हे बघा, नाटक बंद करा."

त्यांनी टेस्टर काढून घेतला. "या करंटला तुमचा टेस्टर ओळखतच नाही. आणि हे पुन्हा केलंत तर खिसे रिकामे करून आत यावं लागेल."

बाजूच्या टेबलावर एक जण खो खो हसत होता. पोहायला शिकवणारा माणूस, मोटारसायकलवरून पडलाय. सगळे त्याला कोच म्हणतात. "काका, तुम्ही भिंतीलाही टेस्टर लावून बघता का?" म्हणाला. वयाने माझ्याहून दोन-चार वर्षांनीच लहान असेल, काका कसला!

३१ जानेवारी

घरात सगळं खाली आलंय. फडताळातले वरचे डबे खाली, मोठी पातेली ओट्याखाली, कपडे दोरीवर न वाळता खुर्च्यांच्या पाठीवर. माझ्या चाकांना जागा उरलेली नाही. सकाळी एका पातेल्यावर आदळलो. मी म्हटलं, "घर आहे की भंगाराचं दुकान?"

"हाताशी असलं की बरं पडतं," ही म्हणाली.

आळस. दुसरं काय? पण बोललो नाही. म्हणजे जास्त बोललो नाही.

६ फेब्रुवारी

आज कोच उभा राहिला. दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये, पट्टा-बिट्टा काही नाही, स्वतःच्या पायांवर. मग चार-पाच पावलं टाकून दाखवली. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात शाबूत आहेत ना.

"काका, पाठीत अशी वीज सळसळते माझ्या," तो म्हणाला. "तुमच्या नाही?"

"माझ्या डोक्यात सळसळते," मी म्हटलं.

त्याला खरा करंट आणि मला देखावा, हे आता आंधळ्यालाही दिसेल. पुन्हाबाईंनी माझ्या नडगीवर ताकद मोजायचा काटा लावला. "ढकला. पुन्हा. ढकला." मागच्या वेळेपेक्षा थोडा जास्त आला म्हणे. किती थोडा? त्यांनी आकडा सांगितला. एवढ्या जोरात साबणाची बाटलीसुद्धा दाबली जाणार नाही.

७ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही.

१९ फेब्रुवारी

लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला असते. मला म्हणाली, "बाबा, कसं चाललंय?" मी सांगायला लागलो, तर ऐकल्यासारखं करून म्हणाली, "बरं, आईला द्या ना जरा."

ही फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. माझ्या घरात माझ्यापासून दार लोटून! चाकं ढकलत दारापर्यंत गेलो. सगळं ऐकू आलं नाही. "आता माझ्याने नाही होत गं..." असं ऐकलं. मग, "नाही, एवढ्यात सांगायचं नाही त्यांना. चाचणी संपू दे." आणि मग, "मला तरी काय हौस आहे? पण किती दिवस ओढणार असं?"

बाहेर आली तेव्हा मी खिडकीशी होतो. काय म्हणत होती लेक, विचारलं. "काही नाही, नेहमीचंच," म्हणाली.

मी मूर्ख नाही. गावाबाहेर एक जागा आहे, माझ्यासारख्यांना ठेवतात. हिच्या मैत्रिणीने सासऱ्यांना तिथेच नेऊन सोडलंय. हवा चांगली आहे म्हणे. हवा!

२ मार्च

घरात मलमाचा वास भरून राहिलाय. निलगिरी का काहीतरी. मी म्हटलं, "आजारी मी, आणि मलम तू लावतेस?" ती म्हणाली, "मान अवघडली होती."

हल्ली मला उचलायला येते तीच मुळी जिवावर आल्यासारखी. हाक मारली की "आले आले" करते, पण येत नाही. आल्यावर समोर उभी राहून एक मोठा श्वास घेते, डोळे मिटते, मग एक-दोन-तीन. जसं काही मला नाही, अख्ख्या लिफ्टलाच उचलायचंय. परवा तर तीन म्हणून थांबलीच. मला म्हणाली, "तुम्हीही जरा रेटा ना पायांनी. तिकडे शिकवतात ना?"

"रेटायला पाय असते तर तुला कशाला बोलावलं असतं?" मी म्हटलं.

पण रेटलं. रेटल्यासारखं केलं. ती म्हणाली, "हां, असं." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असणार. मी काही लहान मूल नाही.

एक वेळ अशी होती की कुठलीही लिफ्ट अडकली तर दारातून आवाज ऐकून सांगायचो, दोष कुठे आहे ते. माझी कुठे अडकलीय ते इतक्या डॉक्टरांमधल्या एकालाही सांगता येत नाही, आणि आता तर माझी बायकोही मला धड उत्तर देत नाही.

११ मार्च

आज पहिला टप्पा संपला. मोठ्या डॉक्टरांनी एकेकाला बोलावून सांगितलं, कुणाला काय मिळत होतं ते.

मी आत जातानाच म्हणालो, "मला माहीत आहे. देखावा."

ते म्हणाले, "नाही. तुम्हाला पहिल्या दिवसापासून खरा करंट होता."

मी परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. पुन्हाबाई तिथेच होत्या, त्यांनाही आजच कळत होतं. त्या म्हणाल्या, "उजवा पाय तीनच्या जवळ आलाय. डावा आता पक्का दोन. काट्यावरही जोर वाढलाय. आमच्या दृष्टीने ही चांगली..."

पुढचं मी ऐकलं नाही. दोन महिने मी एका गोष्टीच्या आधारावर जगत होतो: हे खोटं आहे, खरं मिळालं की बघा. आता कळलं की खरंच चालू होतं. म्हणजे खरा करंट लावूनही एवढंच! देखावा असता तर निदान पुढे काहीतरी शिल्लक होतं.

बाहेर कोच भेटला. तो भिंतीला टेकून उभा होता, काठी घेऊन. चेहरा पार उतरलेला. "काका," म्हणाला, "मला देखावा होता."

"आणि ती वीज सळसळायची ती?"

"तेच कळत नाहीये ना," तो म्हणाला.

डॉक्टरांनी आम्हाला दोघांना समजावलं. प्रत्येकाची इजा वेगळी, कोचची मुळातच कमी. कुणी किती सुधारतं ते आधी सांगता येत नाही, आणि करंटचा वाटा किती, व्यायामाचा किती, हे दोघा-तिघांवरून ठरत नाही, त्यासाठीच पुष्कळ माणसं लागतात. सगळं बरोबर असेल. पण तो देखाव्यावर चालतो आणि मी खऱ्यावर बसून राहतो. याला काय म्हणायचं?

१२ मार्च

मी इस्पितळात फोन करून सांगितलं, दुसऱ्या टप्प्याला येणार नाही. पुन्हाबाई म्हणाल्या, "विचार करा." मी म्हटलं, "पुन्हा?"

हिला सांगितलं तेव्हा ती भांडी विसळत होती. डाव्या हाताने, अशीच काहीतरी नवी तऱ्हा. थांबली. वळली नाही. "सोडलीत?" म्हणाली. "एवढं सगळं करून सोडलीत?"

"एवढं सगळं मी केलं," मी म्हटलं. "तुला काय, बाहेर बाकावर बसायचं."

बराच वेळ नळ वाहत होता.

१६ मार्च

आमच्यात कामापुरतं बोलणं. उठवू? हो. ठेवू? ठेव.

२० मार्च

आज सकाळी हिने मला पाडलं असतं.

न्हाणीघरात खुर्चीतून संडासच्या बैठकीवर घेत होती. एक-दोन-तीन म्हणाली, उचललं, आणि अर्ध्या वळणात तिच्या तोंडातून आवाज आला. किंचाळली नाही, कण्हल्यासारखा, जनावराचा यावा तसा. माझा पट्टा सोडून दिला आणि सरळ खालीच बसली, फरशीवर, उजवा खांदा धरून.

मी भिंतीवरची दांडी पकडली. "अगं, सोडलंस काय! मेलो असतो ना!" मी ओरडलो. चेहरा चुन्यासारखा. "ऊठ," मी म्हटलं, "खुर्ची दे." ती म्हणाली, "उठता येत नाही." मी म्हटलं, "तुला काय झालंय न उठता यायला?" ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडाकडे नाही, खाली कुठेतरी बघत होती, आणि रडत होती. मग हसलीही. मला वाटलं, डोक्याला मार लागला.

मी शेजारणीला हाका मारल्या. त्या बिचाऱ्या पिठाचे हात तसेच घेऊन धावत आल्या, पण आमचं दार आतून बंद. परत जाऊन आमच्या घराची त्यांच्याकडे ठेवलेली किल्ली शोधून आणली. तोवर मी दांडीला धरून हिच्या नावाने बोंबलत होतो. आत आल्यावर त्यांनी आधी खुर्ची माझ्या मागे सरकवली, मी बसलो, मग हिला उठवलं. हिचा हात नुसता लोंबत होता.

दुपारपासून आम्ही इस्पितळात. शेजारीणबाई बरोबर आल्या. हिला आत नेलंय. मी बाहेर बाकाशेजारी खुर्चीत. इथेच ही बसायची, माझी वेळ संपेपर्यंत. बाकावरून काय दिसतं ते आज कळलं. एक भिंत दिसते.

२१ मार्च

काल संध्याकाळी हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. खांद्याच्या आतला स्नायूबंध तुटलाय. एका झटक्यात नाही. कित्येक महिने थोडा थोडा फाटत होता, काल शेवटचा धागा गेला. ऑपरेशन करावं लागेल आणि नंतर बरेच दिवस त्या हाताने कपसुद्धा उचलायचा नाही. "यांना दुखत असणार केव्हापासून," ते म्हणाले. "हात वर जात नसेल. तुमच्या लक्षात आलं नाही?"

मी म्हटलं, "ती म्हणाली, मान अवघडलीय."

मग पुन्हाबाई खाली आल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी झालेला प्रकार सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे त्यांनी तुम्हाला मध्येच सोडलं?"

"हो. मध्येच."

"आणि तुम्ही पडला नाहीत?"

"नाही. दांडी धरली ना."

"एका हाताने?"

"एका. दुसरा हवेत, शेजारणीला हाका मारत होतो."

"शेजारीण यायला किती वेळ लागला?"

"किल्ली सापडेना त्यांना. बराच."

"आणि तोवर तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? उभा होतो."

मी जे म्हणालो ते मला दोनदा ऐकू आलं. एकदा बोलताना, आणि एकदा नंतर.

"कशावर?" त्यांनी विचारलं.

मी माझ्या पायांकडे बघितलं. चपला उलट्या घातल्या होत्या. शेजारीणबाईंनी घाईत घातलेल्या.

मला आनंद व्हायला हवा होता म्हणतात. नाही झाला. मी त्या पायांवर उभा राहून तिला शिव्या देत होतो, आणि ती फरशीवर बसून माझ्या पायांकडे बघत हसत होती. दोन महिने काटा लावून माझा जोर मोजला. तिच्या खांद्याला कुणी काटा लावला नाही.

२२ मार्च

आज हिला भेटू दिलं. पडद्याआड एक पलंग, बाजूला माझी खुर्ची. मी काय बोलावं ते ठरवून गेलो होतो, पण तोंडातून निघालं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही चाचणी सोडली असती."

"मी तशीही सोडलीच."

"हो ना," ती म्हणाली. "म्हणजे खांदा उगाच फाडून घेतला मी." आणि हसायला लागली, मग दुखलं म्हणून थांबली.

मी विचारलं, "लेकीला माहीत होतं?"

"तिला कळलं फोनवरून. पदर खोचताना ओरडले होते मी."

"मला वाटलं, तुम्ही दोघी मिळून मला त्या गावाबाहेरच्या जागेत पाठवताय."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू लग्नानंतर पहिल्यांदाच बघतेय. "तिथे तुम्हाला कोण ठेवून घेईल?" म्हणाली. "दोन दिवसांत परत आणून सोडतील."

बाहेर पडल्यावर मी वरच्या मजल्यावर पुन्हाबाईंकडे गेलो. म्हटलं, "दुसऱ्या टप्प्यात अजून जागा आहे का?" त्या म्हणाल्या, "तुमचं नाव मी काढलंच नव्हतं." या बाईंचंही मला काही कळत नाही.

३ एप्रिल

ऑपरेशन झालं. लेक रजा टाकून आली आहे. तिने पहिल्याच दिवशी मला उचलायला हात पुढे केले. मी म्हटलं, "खबरदार." तिला वाटलं मी रागावलो. रागावलोच होतो.

पुन्हाबाईंना मी सांगितलंय, मला चालायचं वगैरे काही दाखवू नका. खुर्चीतून उठणं, वळणं, बसणं, एवढंच. त्यांनी पाठीला करंट लावला आणि तेवढंच करून घेतलं. तीनदा उठताना पडलो, गादीवर. चौथ्यांदा उठलो पण वळताना डावा गुडघा दुमडला. इतकी चीड आली की काटा असता तर फेकला असता. स्वतःचंच वजन, स्वतःचेच पाय, आणि आपापसात बोलणं नाही!

कोचला आता खरा करंट चालू झालाय. फरक काही नाही म्हणतो. पहिल्यासारखाच चालतो, चांगला चालतो, पण मनातून बिघडलाय. "काका, देखावा होता तेव्हा मजा यायची," म्हणाला. मी त्याला म्हटलं, "आता काका म्हणालास तर तुझी काठी घेईन." मग दोघंही हसलो. हसताना मी उठायचं विसरलो आणि पुन्हाबाई ओरडल्या.

१९ एप्रिल

आज करंट बंद केल्यावरही उठलो. एकदाच. नंतर नाही जमलं. पुन्हाबाई म्हणाल्या, "एकदा जमलं म्हणजे वाट आहे." मी म्हटलं, "वाट असून काय उपयोग, वाटेत मीच आडवा."

उजवा पाय तीन. डावा अजून दोनवर अडून बसलाय, म्हातारी म्हैस जशी. चालणं लांबच, बहुतेक होणारही नाही. मोठ्या डॉक्टरांनी आज सरळ सांगितलं. मी म्हटलं, बरं. खरं तर बरं नव्हतं.

६ मे

लेक परवा गेली. जाताना सतरा सूचना. शेजारीण सकाळ-संध्याकाळ येऊन जातात. हिचा हात अजून झोळीत.

आज दुपारी जेवणानंतर ही खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. दुखण्याची गोळी घेतली होती. तोंड थोडं उघडं, पाय पुढे पसरलेले. दिवसाची झोपलेली मी तिला वर्षभरात पाहिली नव्हती. म्हणजे झोपलीच नव्हती.

आणि मला संडासला लागली.

हाक मारायला तोंड उघडलं. सवय. हाक मारली तर ती उठणार, हात झोळीत असला तरी दुसरा पुढे करणार, तिला मी ओळखतो. तोंड मिटलं. चाकं हळू ढकलत न्हाणीघरात गेलो. ब्रेक लावला. दांडी धरली. पाय खाली घट्ट रोवले आणि मनातसुद्धा एक-दोन-तीन म्हटलं नाही, ते तिचं आहे. रेटलं. पहिल्यांदा परत खुर्चीत आदळलो. दुसऱ्यांदा कोपर भिंतीवर खरचटलं. मग उठलो. डावा गुडघा थरथरत होता, मी त्याला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की कागदही ऐकणार नाही. वळलो. बसलो.

परत येणं जास्त कठीण गेलं. एकदा वाटलं, आता इथेच रात्र. शेवटी खुर्चीत पडलो, बसलो म्हणता येणार नाही.

बाहेर आलो तर ही जागी. माझ्या कोपराकडे बघितलं, न्हाणीघराच्या ओल्या फरशीकडे बघितलं, आणि कडाडली. "एकटे गेलात? हाक का नाही मारलीत?"

"झोपली होतीस."

"मग? उठले नसते का मी? पडला असता म्हणजे? मी काय केलं असतं एका हाताने?"

"म्हणूनच नाही मारली."

"यापुढे हाक मारायची. सांगून ठेवते."

"नाही मारणार."

"मारायची."

"अजिबात नाही. तू झोपायचं."

मग तिने माझा हट्टीपणा काढला, मी तिची लपवाछपवी काढली, तिने माझ्या आईपर्यंत मजल नेली, मी तिच्या भावापर्यंत. शेजारीण काय झालं म्हणून बघायला आल्या आणि दारातूनच परत गेल्या. चहाची वेळ टळून गेली तरी कुणी माघार घेईना.

किती दिवसांनी आमचं बरोबरीचं भांडण झालं.